भारोभार गूळ

साल दोन हजार तेवीस. चैत्र महिना, काजीचा हंगाम. गोव्यातल्या लाटंबार्शात वाऱ्याला बोंडांचा वास होता आणि गावात एकच बातमी होती. विष्णू जाणार.

विष्णू म्हणजे मी. आणि ही बातमी माझ्यामुळेच पसरली होती. तीही मी तोंड उघडलं नाही म्हणून! बसा, चहा घ्या. दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर तो मीठमसाला लावेल. त्यापेक्षा माझी फजिती मीच सांगतो.

मी खाणीवरचा ट्रकवाला. चौथी झाली आणि शाळा सुटली. आयुष्यभर खनिजाचा ट्रक वजनकाट्यावर चढवला. रिकामा किती, भरलेला किती, झोपेतून उठवून विचारा. पण ट्रक काट्यावर चढला की मी खाली उतरून लांब उभा राहायचो. काटेवाला विचारायचा, "विष्णूबाब, तुमचा वजन कोणी करूचा?" मी त्याच्याकडे नुसतं बघायचो. तो पुन्हा विचारायचा नाही.

खाणी बंद पडल्या. ट्रक विकला. पोट तेवढं वाढत राहिलं.

कमी करायला काय केलं नाही? कारल्याचा रस प्यालो. महिनेच्या महिने कुळथाचं कढण प्यालो. पहाटे चाललो. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की खिडकी लावून घ्यायचो, गरम पावांचा वास आत येऊ नये म्हणून. वजन जायचं. पण जाताना परतीची वाट बघून ठेवायचं.

मग गुडघे गेले. गुडघ्यांचा डॉक्टर म्हणाला, "गुडघे बदलून काय करू? वरचा माल तोच राहणार." मला! ट्रकवाल्याला!

मुलगी सुनीता मला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तो तरुण, गोड बोलणारा. म्हणाला, "काका, आपण पोट कापून लहान करू."

मी उठून उभा राहिलो. "बिघडलेलं कापतात. माझं पोट चांगलं आहे!"

"काका, तेच जरा जास्त चांगलं आहे."

घरी आलो आणि सांगून टाकलं, हा विषय संपला. तेव्हा सुनीता एकच बोलली. "बाबा, झोपेत तुमचा श्वास मधेच थांबतो. आई उठून तुम्हाला हलवते. कित्येक वर्षं ती नीट झोपलेली नाही."

माझ्या बायकोकडे, शेवंतीकडे बघितलं. ती मान खाली घालून तांदूळ निवडत होती. मला वाटायचं, ही बाई दुपारी घोरते, आळशी झाली आहे! एवढ्या वर्षांत ती एका शब्दाने बोलली नव्हती.

"कापूया," मी म्हटलं.

पण एक अट घातली. गावात कुणाला कळता कामा नये. लोक काय म्हणणार? विष्णूला तोंड आवरलं नाही, म्हणून पोट कापून घेतलं. मेलो तरी चालेल, पण हे ऐकून घेणार नाही.

शेवंती म्हणाली, "अहो, सांगून मोकळे व्हा. लोक दोन दिस हसतले आणि गप बसतले."

"एक दिवसही नको."

आता आमच्याकडे एवढं मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. सातेरीच्या देवळात गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याआधी गाऱ्हाणं घालतात. म्हणजे गुरव तुमचं दुखणं देवीला मोठ्याने सांगतो आणि जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात.

मोठ्याने! हे मला आधी सुचलं नाही. तिथे पोचल्यावर सुचलं. समोर तीस-चाळीस माणसं बसलेली.

पुंडलिक गुरव माझ्याच वयाचा. हळूच म्हणाला, "विष्णू, गाऱ्हाण्यात काय सांगू?"

"पोटाचं ऑपरेशन. बास."

"पोटात काय झाला पण?"

"ते देवीला माहीत आहे."

त्याचा चेहरा उतरला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, समजूतदार माणूस आहे. मग त्याने हात जोडले आणि असा आवाज लावला की नगारा गप्प बसावा.

"गे सातेरी माये! ह्या तुझ्या लेकराच्या पोटात काय वाईट वंगाळ शिरलेला आसा, ता कापून काढूक तो जाता!"

"होय म्हाराजा!"

"त्याका जिवंत परत आण! परत इलो, तर आजच्या भारोभार गूळ तुझ्या पायाशी ठेवतलो!"

"होय म्हाराजा!"

मी थिजलो. वंगाळ कुठून आलं? आणि माझ्या वजनाएवढ्या गुळाचं कोण बोललं होतं? पण देवीसमोर चाललेलं गाऱ्हाणं मधेच तोडायचं कसं? तेवढ्यात उजवी पाकळी टपकन पडली. चाळीस माणसांनी निःश्वास सोडला. दोन बायका पदराने डोळे पुसू लागल्या.

घरी पोचलो तर ओसरीवर माणसं. माझ्याआधी!

डॉक्टरने ऑपरेशनआधी पंधरवडाभर पातळ खायला सांगितलं होतं. सूप, ताक, नाचणीची आंबील. आणि गावातला प्रत्येक माणूस डबा घेऊन येऊ लागला. कुणी मणगण्याची खीर, कुणी फणसाची सांदणां, कुणी बांगड्याचं हुमण. पोदेराने पावांची टोपली आणून ठेवली आणि पैसे घेईना. कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर एकच होतं. आता खाऊन घेऊ दे बिचाऱ्याला.

नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार. म्हणून चव घेतली. मग एक मानकुराद आंबा खाल्ला. मग, आता लपवून काय उपयोग, करंडी संपवली.

ठरलेल्या दिवशी डॉक्टरने मला काट्यावर उभं केलं. काट्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा काट्याकडे.

"काका, वजन वाढलंय!"

"गावचे लोक चांगले आहेत," मी म्हटलं.

तारीख पुढे ढकलली. मला परत पाठवलं.

झालं! गावात लोक काय समजायचं ते समजले. डॉक्टरांनी हात टेकले. नुसतं बघून परत पाठवला. डबे दुप्पट झाले.

त्या संध्याकाळी दत्ताराम आला. हा माझा शेजारी. आमच्या दोघांच्या बांधावर काजीची तीन झाडं आहेत. त्या तीन झाडांवरून वीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तो आला आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसून ढसाढसा रडला.

"विष्णू, झाडां तुझीच रे! माका ठावक होता! पयल्यापासून ठावक होता!"

ऐकलंत? वीस वर्षं!

"मागचा सगळा विसर. तुझ्यासाठी तुझ्याच खळ्यात भजन ठेवलंय. हे बघ, मंडळी आली पण."

खरंच आली होती. पेटी, मृदंग, टाळ, सगळं. अंगण भरलं. मला मधोमध बसवलं. एकाने बुक्का लावला. पुंडलिक गुरव हुंदके देत होता. बुवांनी डोळे मिटून असा सूर काढला की मलाच माझ्याबद्दल वाईट वाटू लागलं. शेवंती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. सांगा ना, एवढंच ती डोळ्यांनी म्हणत होती.

मग माझं डोकं फिरलं.

"बंद करा! मरत नाही मी! जाड झालोय मी, जाड! बारीक व्हायला पोट कापून घेतोय!"

मृदंग थांबला. टाळ थांबले. कुठेतरी कुत्रं भुंकलं, तेही थांबलं.

दत्तारामने डोळे पुसले. मला खालीवर न्याहाळलं.

"विष्णू, तू जाडो आसंस ह्या आमका दिसता रे. ह्यात लपवूचा काय होता?"

काय हशा झाला म्हणता! बुवा पेटीवर पडून हसत होते. हसणं ओसरल्यावर दत्ताराम उठला, लुंगी झटकली.

"म्हणजे तू जगतलंस?"

"जगणार."

"मगे झाडां माझी."

महिन्याने ऑपरेशन झालं. मोठं कापाकापीचं काम असेल असं मला वाटत होतं. पोटावर चार बारीक भोकं, एवढंच. पुढे चमच्याने पेज. गड्याहो, वाटीभर पेज संपवायला मला अर्धा तास लागायचा. वजन उतरलं, आणि यावेळी परतीची वाट विसरलं. मी चढ चढू लागलो. शेवंती रात्रीची झोपू लागली. इतकी गाढ की मी उठून तिचा श्वास बघायचो.

पुढच्या चैत्रात नवस फेडायला देवळात गेलो. सुपारीच्या वखारीतला दोन पारड्यांचा मोठा काटा मंडपात टांगला होता. मी आताच्या वजनाएवढा गूळ नेला होता. हिशेबी माणूस मी.

दत्ताराम पुढेच बसला होता. "एवढोच गूळ? गाऱ्हाण्यात 'आजच्या भारोभार' म्हटला होता. आज म्हणजे तेव्हाचो आज."

पुंडलिकाने मान हलवली. "खरा आसा. तेव्हा किती होतंस तू, विष्णू?"

जन्मभर लपवलेला आकडा. शेवंतीलासुद्धा सांगितला नव्हता. पण सातेरीसमोर खोटं कसं बोलणार?

"एकशे अठ्ठावीस," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. ते आणखी वाईट.

दत्तारामच दोडामार्गच्या बाजारातून उरलेल्या ढेपी घेऊन आला, तोलून. सगळा गूळ एका पारड्यात रचला. दुसऱ्यात मी मांडी घालून बसलो, आणि सर्रकन वर गेलो! साठी उलटलेला माणूस, धुवट धोतर नेसून, गावासमोर हवेत लोंबकळत!

"पारडी समान होऊक होयीत," पुंडलिक खालून ओरडला. "नायतर नवस फिटूचो नाय!"

"धोंडो घालूया?"

"धोंडो चलना नाय. घरचा माणूस होया."

शेवंती पुढे आली. मला खाली ओढलं. पदर खोचला आणि माझ्या शेजारी पारड्यात चढून बसली.

पारडं खाली आलं. थोडं हललं. आणि थांबलं. काटा मधोमध! ना इकडे, ना तिकडे.

सगळे बघत राहिले. मीही. माझ्या अंगातून जे गेलं होतं, ते माझ्या शेजारी बसलं होतं. केसांत अबोली माळून.

दत्तारामनेच तोंड उघडलं. "विष्णू, अरे, इतकी वर्सां तू वयनीक पोटावर घेऊन फिरत होतंस?"

आम्ही दोघं एकदमच खाली उतरलो.

पुंडलिकाने गूळ देवीच्या पायाशी ठेवला. नवस फिटला.