पिक्चर ट्यूबवरची ठिणगी

आईचा जुना डब्याचा टीव्ही आतून कडकडू लागला, म्हणून मी तो नांदेडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेला. टीव्ही बंदच होता. तरी त्यांनी डावा हात पाठीमागं धरला आणि टीव्हीच्या लोखंडी चौकटीला तारेनं जोडलेला स्क्रूड्रायव्हर पिक्चर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवला. फट्‌कन निळी ठिणगी उडाली. मी दचकलो, तेही झटकन एक पाऊल मागं सरले.

"चाचा, तुम्हाला अजून भीती वाटते?"

"हाव. बंद टीव्हीतबी करंट दबा धरून राहतो. माझा भाऊ भीत नव्हता. दोन्ही हात आत घातले त्यानं."

जुन्या टोपीखालून करंट गळून कडकड होत होती, म्हणून धूळ पुसून त्यांनी नवी टोपी बसवली. मग मला दुकानाबाहेर उभं केलं आणि एकट्यानं बटण दाबलं.