गच्चीवर मृग, स्क्रीनवर सूर्य

"अगं, मृग नक्षत्र चांगलं वर आलंय! सिस्टिम काय म्हणते?" गुंजाळ मॅडमनी गच्चीवरून विचारलं.

"सिस्टिम म्हणते, ते मावळलंय," मी खोलीतून ओरडले. तेवढ्यात जिन्यावर प्रिन्सिपल सरांच्या चपला वाजल्या.

गुंजाळ मॅडम आमच्या संगमनेरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता घरून सॉफ्टवेअरचं काम करते. गच्चीवरच्या खोलीत मॅडमची दुर्बीण असते. मुलं ताऱ्यांचं तेज मोजायची, पण नोंदी कुणाच्या मोबाईलमध्ये, कुणाच्या पेन ड्राइव्हवर. सरांना ती खोली उत्तरपत्रिका ठेवायला हवी होती. "तिथं खरंच काम चालतं हे दाखवा, मग बघू," ते म्हणाले होते. म्हणून मॅडमनी मला बोलावलं.

मी एक ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी सिस्टिम निवडली. कुठला तारा केव्हा दिसेल, कुणी बघितला, काय आढळलं, सगळं ब्राउझरमध्ये. कॉलेजचं इंटरनेट वारा सुटला तरी जातं, म्हणून ती लोकल बसवली. म्हणजे सगळा कारभार आमच्याच लॅपटॉपवर. मुलांनी वाय-फायवरून उघडायचं. सिस्टिम ज्या भाषेत लिहिलीय ते पायथॉन लॅपटॉपवर जुनं निघालं, ते बदललं. मग मायग्रेशन केलं, म्हणजे डेटाबेसमध्ये नोंदींसाठी कप्पे तयार केले. लॉगिनचं पान उघडलं तेव्हा मॅडमनी चक्क टाळ्या वाजवल्या.

आणि आता हे.

मला आधी टाइमझोनचा संशय आला. तो भारताचा केला. स्क्रीनवरचं घड्याळ सुधारलं, मृग काही उगवेना.

"काय मॅडम, काय म्हणती तुमची सिस्टिम?" सर आत आले.

त्यांच्यामागून मॅडमही गच्चीवरून आत आल्या आणि त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "सर, सिस्टिम म्हणते सूर्य उगवलाय."

बाहेर मिट्ट अंधार. मी हसले आणि हसता हसता थांबले. आत्ता सूर्य उगवलाय, असं ठिकाण पृथ्वीच्या पार पलीकडे असणार. मी सेटिंग्जची फाईल उघडली. सिस्टिमसोबत आलेल्या नमुन्याच्या फाईलमध्ये एका अमेरिकन वेधशाळेचे रेखांश होते. मॅडमनी सांगितले तसे आमचे आकडे मी त्यावर टाकले होते, पण आधीचं मायनसचं चिन्ह तसंच राहिलं होतं. मायनस म्हणजे पश्चिम. नकाशावर टाकून बघितलं.

"मॅडम, आपलं कॉलेज क्युबाजवळच्या समुद्रात आहे!"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. सरही हसले. मी चिन्ह खोडलं, सर्व्हर पुन्हा चालू केला. मृग वर, सूर्य खाली.

मॅडम सरांना गच्चीवर घेऊन गेल्या. मृगातले एका ओळीतले तीन तारे बघताच सर म्हणाले, "हे तर तिकांडं! आमच्या पाथर्डीला अंगणात झोपलो की रोज दिसायचं. लई वर्षांनी बघतोय."

"त्याच्याजवळचा तांबडा तारा काक्षी," मॅडम म्हणाल्या. "त्याचं तेज कमी-जास्त होतं. तो रोहिणीपेक्षा उजळ वाटतो का सांगा."

सरांनी बराच वेळ मान वर करून बघितलं. "उजळ हाय. नक्की."

सिस्टिममधली पहिली नोंद त्यांच्या नावावर पडली. त्यांनी ती मोबाईलवर उघडून दोनदा वाचली. जाताना म्हणाले, "पेपरांसाठी लायब्ररीमागं जागा बघतो."

आता तिथे मुलांच्या नोंदी रोज वाढतायत. नवीन सिस्टिम लावणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: स्क्रीन आणि आकाश जुळत नसेल, तर आकाश दुरुस्त करायला जाऊ नये.