उजव्या मनगटावरचा टाचण्यांचा पट्टा

कापडाला कात्री लावायचा मान दुकानात एकट्या मास्तरांचा. बाकीच्यांनी शिवायचं, काजं करायची, बटणं लावायची. कापायचं ते मास्तरांनीच. तेही टेबलाभोवती चकरा मारत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, ही काहीतरी खास जुनी पद्धत असावी, आणि मास्तरही खुशाल तसं वाटू देत. खरी गोष्ट अशी की त्यांचं उजवं मनगट वळतच नव्हतं. मनगट वळत नाही म्हटल्यावर माणसानेच वळायचं, दुसरं काय!

नऊ वर्षांपूर्वी मास्तर सायकलच्या हँडलवर कापडाचा भलामोठा गठ्ठा ठेवून नदीकाठच्या रस्त्याने येत होते. समोरून कॉलेजातली एक मुलगी पायांत स्केट्स घालून येत होती, तीही उलटी, मैत्रिणीला ऐट दाखवत. ह्यांना गठ्ठ्यापुढचं दिसेना, तिला पाठीमागचं. व्हायचं तेच झालं. मास्तरांचं मनगट मोडलं, तिची मांडी. दवाखान्यात दोघांनी एकमेकांची इतकी माफी मागितली की नर्स वैतागली.

हाडं जुळली, पण मुलीचा डावा पाय अर्धा इंच आखूड राहिला. तेव्हापासून तिच्या पँटी मास्तरच कापतात, डावा पाय अर्धा इंच कमी. चालताना कुणाच्या लक्षात येत नाही, याचा मास्तरांना कोण अभिमान! दुकानात तिचं नाव पडलं चाकवाली.

तर यंदा एके दिवशी पांढऱ्या कापडावर लाल ठिपके दिसले.

"अहो, हे रक्त कुणाचं?" शेजारी काजं करत बसलेल्या बायकोने विचारलं.

मास्तरांच्या अंगठ्याच्या पाठीत टाचणी घुसली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. "लाल खडू लागला असेल," त्यांनी थाप मारली.

अंगठ्याची मागची बाजू चार महिने बधिर होती. जुन्या दुखण्याने डोकं वर काढलंय, आज अंगठा, उद्या सगळा पंजा, अशी मास्तरांची खात्री झाली होती. कात्री सुटली की ते म्हणजे टेबलाभोवती उगाच फिरणारा म्हातारा. मग त्यांनी शहाण्या पुरुषासारखं केलं: कुणाला काही सांगितलं नाही आणि टाचण्यांचा पट्टा आणखी एक भोक आवळला.

हा टाचण्या खोचून ठेवायचा पट्टा शिंपी लोक डाव्या मनगटावर बांधतात, कात्रीचा हात मोकळा राहावा म्हणून. मास्तर मात्र उजव्या हाताला बांधत. प्लास्टर निघाल्यावर मनगट उघडंबोडकं वाटे. पट्टा आवळला की धीर येई. नऊ वर्षांत तो तीन भोकं आत गेला होता.

पुढच्या आठवड्यात चाकवाली नवी पँट घालून दुकानात आली आणि आरशासमोर उभी राहिली.

"मास्तर, अर्धा इंच उजव्या पायाचा कापलात."

नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मास्तरांनी पाहिलं आणि ते मटकन खाली बसले. मग अंगठ्याचं सगळंच बाहेर पडलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, पोरी."

"नऊ वर्षं वाईटच वाटतंय. आता थोडं जास्त वाटेल, एवढंच. उठा, डॉक्टरकडे चला."

डॉक्टरीणबाईंनी हात दाबला, ठोकला, फोटो काढला. मग त्यांची नजर पट्ट्यावर गेली.

"हे काय?"

"टाचण्यांची गादी. आधाराला बांधतो."

"सोडा बघू."

खाली लाल वळ उमटलेला. "हाड छान जुळलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनगट वळणार नाही, थंडीत ठणकेल, ते आता असंच राहणार. पण बधिरपणा त्या धडकेचा नाही, या पट्ट्याचा. नस चेपलीये."

"म्हणजे कात्री…"

"कात्री धरा हो. पट्टा तेवढा सोडा."

चाकवाली आधी हसली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. मास्तरांना तिची समजूत काढता काढता स्वतःचा चष्मा पुसावा लागला. घरी बायको म्हणाली, "पट्टा चुकीच्या हाताला का, असं नऊ वर्षं विचारतेय. तर म्हणे, स्टाईल आहे!"

पट्टा डाव्या हाताला गेला, तोही सैल. सवय जाईना, मास्तर टाचणीसाठी रिकाम्या उजव्या मनगटाकडे बघत आणि जीभ चावत.

दोन महिन्यांनी ते चाकवालीची पँट कापत होते. डावा पाय, अर्धा इंच कमी, तीनदा मोजलेला. कापड ओढलं आणि "आई गं!" अशी आरोळी दुकानभर गेली. मशीन थांबलं. बायको हातातलं टाकून धावली.

"काय झालं?"

मास्तर अंगठा वर धरून उभे होते. त्याच्या पाठीवर रक्ताचा थेंब होता आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी.

"टोचलं," ते म्हणाले. "अगं, टोचलं मला!"