बेबीनंदाची साडेसहाची रेघ

बेबीनंदा पहिल्यांदा लक्षात आली ती भोकरदनच्या शाळेत, सातवीच्या वर्गात. सरासरी शिकवणं चाललं होतं. वर्गाची सरासरी उंची काढायची म्हणून सरांनी पुढच्या दोन बाकांवरची सहा मुलं उभी केली, टेपने मापली, बेरजेला सहाने भागलं आणि उत्तर फळ्यावर लिहिलं. मधल्या रांगेतून एक बारीकशी मुलगी उठली.

"सर, हे वर्गाचं न्हाई झालं. पुढं समदे बुटकेच बसवलेत तुम्ही."

वर्ग हसला. सरही हसले, पण फळ्यावरचं उत्तर त्यांनी पुसलं. उंचीप्रमाणे बाकं त्यांनीच लावून दिली होती. दुसऱ्या दिवशी हजेरीपटातल्या दर पाचव्या मुलाला उभं केलं, तेव्हा सरासरी चार सेंटिमीटरने वाढली.

तिचे वडील भिवा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. मुलगी शिकते आहे तोवर शिकू द्यायची, एवढा एकच नियम त्यांनी पाळला आणि तो शेवटपर्यंत पाळला. बेबीनंदाने जालन्याला राहून बीएस्सी केली, विषय संख्याशास्त्र. "याच्यात पुढं काय करत्यात?" असं भिवांनी विचारलं, तर तिने "अंदाज किती चुकू शकतो ते सांगत्यात" असं उत्तर दिलं. भिवांना ते पटलं नाही. चुकायचं सांगायला कोण पगार देतं, असं ते मोंढ्यात सगळ्यांना विचारत फिरले.

पगार एका बियाण्याच्या कंपनीने दिला. कंपनी दीपचंद शेठची. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या जालन्यात काढलेली. बेबीनंदा तिथल्या प्रयोगशाळेत लागली. कामाला सगुणाबाई होत्या, दुर्गाबाई होत्या, नंतर शालू आली. काम साधं दिसतं. बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधून चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभरचे चार भाग करायचे, ओल्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवायचे. सोयाबीन असेल तर आठव्या दिवशी गुंडाळ्या उघडायच्या आणि धड रोपं किती ते मोजायचं. शंभरात सत्तर उगवली पाहिजेत. त्याच्या खाली लॉट विकायचा नाही.

दाणे मोजायला तिला शिकवलं सगुणाबाईंनी. अंगठा आणि दोन बोटांत पाच दाणे धरायचे आणि वीस वेळा ठेवायचे. सगुणाबाईंचा हात असा चाले की शंभर दाणे मोजून होईस्तोवर दुसरीचे साठही झालेले नसत. बेबीनंदा त्यांना मावशी म्हणायची आणि दुपारी दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शेठचा नातू श्रेणिक पुण्याहून शिकून आला आणि प्रयोगशाळा त्याच्याकडे आली. त्याच हंगामात परतूर तालुक्यातून, आष्टीच्या बाजूने तक्रारी आल्या. पेरलेलं सोयाबीन बराबर उगवलं नाही. सरकारी तपासणीत तक्रारीच्या तिन्ही लॉटांची उगवण सहासष्टच्या आसपास निघाली. कंपनीच्या कागदावर होती अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. श्रेणिकने मागचे कागद काढले. ते तिन्ही लॉट सगुणाबाईंनी मोजलेले होते.

त्याने बेबीनंदाला बोलावलं. "ताई, सगुणाबाई आकडे घरून लिहून आणतात का?"

"न्हाई."

"मग सरळ आहे. बिलकुल लक्ष नाही त्यांचं. दिवाळीच्या आत मोकळं करतो त्यांना. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, तसंही."

"भैय्या, आधी खरं काय ते पाहू. सत्तर टक्क्यांचं बियाणं शंभर दाण्यांत कधी सहासष्ट देतं, कधी चौऱ्याहत्तर. नुसत्या नशिबानं. एका आकड्यावर माणूस काढता येत नाही."

"आणि तीन आकड्यांवर?"

बारा टक्के आणि तेही तीनदा. नशीब इतकं एका बाजूला झुकत नाही, हे तिला कोणापेक्षाही जास्त कळत होतं. तिने पंधरा दिवस मागितले. श्रेणिकने दिले, पण सांगून ठेवलं की पंधराव्या दिवशी सगुणाबाईंना काढायचा कागद निघेल.

त्या दिवसापासून बेबीनंदा सगुणाबाईंच्या टेबलाशेजारी बसू लागली. त्यांचं मोजणं चोख होतं. शंभर म्हणजे शंभर. गुंडाळी नीट, कागद नीट ओला, तारीख बरोबर. चौथ्या दिवशी मावशी हात धुवायला उठल्या आणि बेबीनंदाची नजर ताटात उरलेल्या दाण्यांवर गेली. मोजलेल्या ढिगातले दाणे गोल, पिवळे, टपोरे होते. उरलेल्यांत चिरलेले, सुरकुतलेले, हिरवट दाणे दिसत होते. दोन्ही एकाच पिशवीतले.

मावशी परत येऊन बसल्यावर तिने फक्त त्यांची करंगळी पाहिली. बोटं चांगला दाणा उचलत होती आणि करंगळी चिरलेला दाणा हळूच ताटाच्या कडेला सारत होती. मावशी त्या वेळी दुर्गाबाईशी नातीच्या बारशाबद्दल बोलत होत्या. करंगळीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. आठव्या वर्षापासून सूप घेऊन धान्य निवडलेला हात होता तो. खराब दाणा दिसला की बाजूला करणं त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं.

दिसलं तेवढ्यावर बेबीनंदाने निकाल दिला नाही. पाहणारा डोळाही चुकतो, असं तिचं म्हणणं. तिने एकच लॉट घेतला, चांगला हलवून मिसळला. त्यातले चारशे दाणे मावशींनी नेहमीसारखे मोजले. दुसरे चारशे तिने स्वतः चमच्याने ताटलीत ओतून, कडेपासून ओळीने, मध्ये एकही दाणा न सोडता मोजले. आठही गुंडाळ्यांवर नुसते क्रमांक टाकले. कोणता क्रमांक कशाचा, हे फक्त तिच्या वहीत. उघडून मोजायचं काम शालूकडे दिलं, आणि शालूला काहीच सांगितलं नाही.

पेटी बंद झाल्यावर ती श्रेणिककडे कागद घेऊन गेली.

"आपण आधी धरून चालायचं की मावशीच्या हातात आणि चमच्यात काही फरक नाही. तसं असलं तरी दोन्ही आकडे एकसारखे येणार नाहीत, थोडं मागं-पुढं होणारच. चारशे-चारशे दाण्यांवर नुसत्या नशिबानं साडेसहा टक्क्यांहून जास्त फरक विसातून एखाद्या वेळी पडतो. म्हणून साडेसहावर रेघ. त्याच्या आत आला तर मावशीला हात लावायचा नाही. बाहेर गेला तर मी स्वतः म्हणीन, हातात फरक आहे."

"आठ दिवसांनी बघू ना. आकडे आल्यावर रेघ मारू."

"आकडे बघून मारलेली रेघ आपल्याला पाहिजे तिथं पडते, भैय्या. सही करा."

श्रेणिकने सही केली. तिनेही केली. खाली तारीख टाकली.

त्या आठवड्यात तिला दुपारचं जेवण गोड लागलं नाही. मावशींनी लसणाची चटणी आणली होती. "खाय की गं, काय सोंग करून राह्यली?" असं त्या रोज म्हणत, आणि रोज बेबीनंदा अर्धी भाकरी तशीच ठेवत असे. फरक आत आला पाहिजे, असं तिला वाटत होतं. पेटीतल्या गुंडाळ्यांना तिने एकदाही हात लावला नाही.

आठव्या दिवशी शालूने मोजलं. वही उघडून क्रमांक जुळवले. चमच्याचे सदुसष्ट, सत्तर, पासष्ट, अडुसष्ट. चारशेत दोनशे सत्तर, म्हणजे साडेसदुसष्ट टक्के. मावशींचे एकोणऐंशी, शहात्तर, ऐंशी, सत्त्याहत्तर. तीनशे बारा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. फरक साडेदहा.

बेबीनंदाने श्रेणिकच्या आधी मावशींना सांगितलं. टेबलाशीच, सगळ्यांसमोर नाही.

"माझा हात खोटा हाय म्हणती तू?"

"खोटा न्हाई, मावशी. तुमचा हात चांगला दाणा उचलतो."

"मंग काय किडका उचलू? माझी माय मला मारायची एक खडा ऱ्हायला तर!"

"इथं जसा येईल तसाच उचलायचा. शेतकऱ्याच्या पोत्यात किडका बी जातो ना."

"म्या तुला मोजायला शिकवलं, बेबे. आन् तू माझंच माप काढलं." मावशींनी पदराला हात पुसले आणि डबा न उघडताच पिशवीत ठेवला.

श्रेणिकसमोर बेबीनंदाने दोन गोष्टी सांगितल्या. सगुणाबाईंनी मोजलेले सगळे लॉट चमच्याने पुन्हा तपासायचे आणि जे सत्तरच्या खाली जातील ते दुकानांतून परत बोलवायचे. दुसरी गोष्ट, शुद्धतेच्या टेबलावरचं काम सध्या कोणालाच नीट जमत नाही. तिथे बियाण्यातून काडी, माती, फुटका दाणा, दुसऱ्या जातीचा दाणा वेगळा काढायचा असतो.

"निवडण्याचंच काम आहे. असा हात दुसरा मिळायचा नाही."

श्रेणिकने सही केलेला तो कागद पुढे ओढला. दीपचंद शेठ कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला. "श्रेणिक, सही कोणाची आहे त्याच्यावर?"

"माझी, बाबूजी."

"त्यात बाई काढायचं लिहिलंय का?"

"नाही."

"मग बसव तिकडे." आणि ते पुन्हा पेपर वाचू लागले.

चार लॉट परत आले. सगुणाबाई शुद्धतेच्या टेबलावर गेल्या, पण महिनाभर बेबीनंदाशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी न बोलताच त्यांनी चटणीची वाटी तिच्याकडे सरकवली. तेव्हाही पहिलं वाक्य दुर्गाबाईला उद्देशून होतं: "हिला सांग, मीठ कमी हाय आज."

चमच्याने मोजणं मात्र सगळ्यांना लागू झालं. श्रेणिकने एकदा गमतीने विचारलं, "ताई, तुमचा हात कोणी तपासला?" तिला तो प्रश्न रास्त वाटला. शालूने तसाच प्रयोग तिच्यावर केला. हाताने बहात्तर, चमच्याने एकोणसत्तर. फरक तीन.

"म्हणजे तुम्ही पास!" शालू म्हणाली.

"पास कशाची? पकडल्या गेले न्हाई, एवढंच. फरक नाही असं याच्यातून निघत नाही. फरक सापडला नाही, असं निघतं."

शालू हे वाक्य अजून नक्कल करून दाखवते, मान थोडी तिरकी करून.

सगुणाबाईंनी दोन वर्षं पुरी केली आणि वेळेवर निवृत्त झाल्या. बेबीनंदा आता प्रयोगशाळेची प्रमुख आहे. तिचा नवरा धम्मपाल एसटीत वाहक आहे आणि मुलगी प्रीती अकरावीत शिकते. तिच्या हाताखाली नऊ बायका काम करतात. दर सहा महिन्यांनी त्या नऊ जणींच्या हातांची चाचणी होते, आणि दहावं नाव बेबीनंदाचं असतं.