कतरीनचे उपकार

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, पाद्रीबाबांनाही नाही. त्यांच्यापुढे गुडघे टेकून बाकी सगळं सांगत आले — सुनेला टोचून बोलले, शुक्रवारी मांस वर्ज्य असून मटणाचा रस्सा चाखला — पण एवढं एक गिळलं. आणि ऐक, मी काही मुळूमुळू रडणारी बाई नव्हे. मान ताठ ठेवूनच सांगणार.

ठाण्यात आमच्या आळीच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळच्या घंटेला माणसं जमतात. तिथे प्रत्येकाने दिवसाचा एक उपकार देवापुढे मोठ्याने मानायचा — ही रीत माझी. हो, माझीच! आधी लोक नुसती माळ ओढायचे आणि घरी पळायचे. माझा स्वतःचा नेम तर आणखी कडक. एकदा मानलेला उपकार पुन्हा मानायचा नाही, रोज नवा शोधायचा. बघ महिनाभर करून! सासरे गेले त्या संध्याकाळीही मी चुकले नाही — त्यांना फार सोसावं लागलं नाही, त्याचे उपकार मानले. लोक म्हणायचे, देवाचं देणं ओळखावं तर या बाईने. ते ऐकून छाती फुगायची. अजूनही फुगते, खोटं कशाला बोलू?

पण खोटं बोललेच होते ना — तेच तर सांगायचंय.

माझा थोरला जोकिम आज कचेरीत कारकून आहे, साहेब त्याला नावानिशी ओळखतो. तो महिन्याचाही नव्हता तेव्हा तापाने माझं दूध आटलं. हळीव झाले, मेथी झाली, काही उपयोग नाही. पोराने मान टाकायची तेवढी बाकी होती. अशात मिठागरात काम करणारी कतरीन मीठ द्यायला आली. तिचं पाच दिवसांचं लेकरू नुकतंच मातीत गेलेलं. चोळी दुधाने भिजलेली. तिने काही विचारलं नाही. "आण त्याला इकडं, बाय," एवढंच म्हणाली.

पुढे आठ महिने, नवरा शेतावर गेला की, ती मिठाची पाटी घेऊन मागच्या दाराने यायची. मागच्या दाराने का? मीच बजावलं होतं. चर्च एकच, पण आम्ही पुढच्या बाकांवरचे. आमचे पूर्वज बामणांतून ख्रिस्ती झाले, असं आजोबा मिशीला पीळ देऊन सांगायचे. कतरीनची माणसं मागे जमिनीवर बसायची. आमच्या घरचं पोर मिठागरातल्या बाईच्या दुधावर वाढतंय? छे! मेले असते तरी कबूल केलं नसतं.

जोकिमने बाळसं धरलं. बायका नवल करू लागल्या. मग एका संध्याकाळी क्रुसापाशी माझी पाळी आली, आणि मी म्हटलं — मरियामायने माझं दूध परत आणलं, तिचे उपकार. गप्प बसता आलं नसतं का? पण जीभ चालली. सगळे गहिवरून आमेन म्हणाले. शेवटच्या रांगेत कतरीन होती. तीही आमेन म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आपल्या वेळेला आली, पाटी उतरवली, जोकिमला पदराखाली घेतलं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मग काय, कल्याणहून दूध आटलेल्या बाया आगगाडीत बसून माझ्याकडे येऊ लागल्या! मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे, रोज उपकार मानत जा म्हणायचे. काय तो माझा तोरा!

इतकी वर्षं रोज नवा उपकार शोधला. गाय सुखरूप व्याली, छपराचं कौल टिकलं, सगळ्याचे मानले. कतरीनचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही — देवापुढे नाही, तिच्यापुढेही नाही.

गेल्या महिन्यात तिला माती दिली. मी गेले होते, सवयीने सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. तिची लेक डोळे पुसत माझ्याजवळ आली.

"बाय, आई रोज तुमच्या जोकिमदादाचं नाव घेऊन देवाचे उपकार मानायची. अगदी शेवटपर्यंत. आमी विचारलं तर नुसती हसायची. का मानायची ती? तुमाला ठावं हाय?"

जोकिम शेजारीच उभा होता, टोपी हातात धरून. तोही माझ्याकडे बघू लागला.

मी म्हटलं — मला काय माहीत, बाई.