उघडलेलं खोकं

खिंडीच्या अलीकडे शेवटचं दुकान काकूंचं. महिनोन्‌महिने डोंगररांगेवरून चालत जाणारी माणसं तिथे थांबायची. पाठीवर माणूस खाणं नेऊन नेऊन किती नेणार? म्हणून ही मंडळी घरून निघण्याआधीच डबाबंद खाणं, सुका मेवा, कोरडे कपडे खोक्यात भरत आणि काकूंच्या पत्त्यावर पाठवून देत. काकू ती खोकी मागच्या खोलीत फळीवर नीट लावून ठेवत.

काकूंचं तोंड मोठं फटकळ. ओल्या बुटांनी कुणी आत आलं की त्याचा उद्धार झालाच म्हणून समजा. "घरी मऊ गादी असताना कुणी सांगितलं होतं डोंगर तुडवायला?" असं विचारता विचारता त्या चहाचं आधण ठेवत, आणि फरशी पुसायचं फडकं त्याच माणसाच्या हातात देत. बोलणी खाल्ल्याशिवाय खिंड चढू नये, असं चालणाऱ्यांत गमतीने म्हणत.

दुकानाचा एक नियम होता, काकूंच्या यजमानांनी घालून दिलेला. बर्फाने खिंड बंद होईपर्यंत कुणाचंही खोकं उघडायचं नाही. त्यानंतर मात्र न नेलेलं खोकं दाराजवळच्या लाकडी पेटीत रिकामं करायचं आणि लागेल त्याने लागेल ते घ्यायचं. खोकं उघडणं म्हणजे तो माणूस आता येत नाही, असं आपल्या तोंडाने म्हणणं. यजमान गेले, तरी काकूंनी नियम मोडला नव्हता.

त्या वर्षी मोसम संपत आला आणि दरड कोसळून खालचा रस्ता बंद पडला. मालाचा ट्रक येईना, दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या. अशात वादळातून एक मुलगी आली, एकटीच, उपाशी. बूट काढले तर पाय पांढरेफटक, बोटांना स्पर्श कळत नव्हता. मागच्या खोलीत एकच खोकं उरलं होतं. त्याची मालकीण, अशीच एक मुलगी, केव्हाच यायला हवी होती.

काकूंनी कात्री घेतली.

"वहिनी, खिंड अजून उघडी आहे," नणंद म्हणाली. ती गल्ल्यावर बसायची आणि यजमानांचा शब्द तिला पाठ होता.

"दिसतंय मला," काकू म्हणाल्या, आणि दोरी कापली.

ती मुलगी पोटभर जेवली, धड झाली आणि पाय बरे झाल्यावर खिंडीकडे गेली. मग बातमी आली. खोक्याची मालकीण अलीकडच्या कड्यावरून घसरली होती, शोधायला गेलेल्यांना तिचं प्रेत सापडलं. नेमकी कधी घसरली ते कुणालाच सांगता येईना, आणि तेच काकूंना आतून खात राहिलं. जिवंत माणसाचं खोकं आपण उघडलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुकानात कुणी ओले बूट घेऊन आलं तरी त्या गप्प असत.

रस्ता सुरू झाला तसा त्या गेलेल्या मुलीच्या वडिलांचा फोन आला. खोकं न्यायला येतोय म्हणाले.

"एक भरून द्या तसंच," नणंद म्हणाली. "त्यांना तरी काय कळणार? तेवढंच समाधान."

काकूंनी ऐकलं. ताज्या मालातून निवडून निवडून खोकं भरलं, वर लोकरीचे मोजेही ठेवले, आणि दोरी बांधली.

वडील आले ते चिखलाने भरलेल्या बुटांनी. खोकं मांडीवर घेऊन ते स्टुलावर बसले आणि दोरीवरून हात फिरवत राहिले. "फार उपकार झाले," ते म्हणाले. "हिच्या आईने मोजे विणले होते. तेवढे घेऊन या म्हणाली. बाकी काही नको म्हणाली."

काकूंची नजर खोक्यावर गेली. गप्प राहून वेळ मारून नेता आली असती. खोकं घरी गेलं असतं आणि त्या माऊलीने ते उघडलं असतं.

"हे तिचं नाही," काकू म्हणाल्या. "तिचं मी उघडलं. बातमी यायच्या आधी."

नणंदेने मान खाली घातली. वडिलांनी दोरीवरचा हात काढला.

"म्हणजे ती येत नाही, असं तुम्ही धरलंत."

"समोर एक पोर होती. तिचे पाय गारठले होते. मला तेवढंच दिसलं."

"मोजे?"

"तिला घातले. मीच घातले."

"बसले?"

"टाचेला सैल होते. दुमडून दिले."

"टाच सैलच विणते ती," वडील म्हणाले. "आमची लेक ओरडायची त्यावरून." त्यांनी डोळे पुसले. "ती पोर गेली पलीकडे?"

"पोचली. पलीकडच्या गावातून फोन केला होता."

"मोजे घालून?"

"मोजे घालून."

त्यांनी मान हलवली, दोनतीनदा. "सांगतो हिच्या आईला. मोजे खिंड ओलांडून गेले म्हणून."

मग ते उठले, खोकं दाराजवळच्या पेटीपाशी नेलं आणि दोरी सोडून एकेक वस्तू आपल्या हाताने आत ठेवली. दुकानभर त्यांच्या बुटांचा चिखल झाला होता. ते गेल्यावर नणंद फडकं घेऊन आली, तर काकूंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे आज," त्या म्हणाल्या.