कार्बनचा पाचवा हात

कळंबच्या आमच्या कॉलेजात मी केमिस्ट्रीचा लॅब अटेंडंट. लॅबमध्ये बाटल्या फुटतात कमी अन् किस्से साचतात जास्त. त्यातले निम्मे गावंडे सरांचे.

सर ॲसेटिक ॲसिडचा रेणू बोरं अन् तुराट्यांच्या काड्या जोडून बनवत. "कार्बनले चार हात, ऑक्सिजनले दोन, हायड्रोजनले एक. मोजा!" एकदा व्हरांड्यात ठेवलेल्या रेणूची हायड्रोजनची चारही बोरं बकरीनं खाल्ली. सर भडकले, "ऑक्सिजनले धरलेला एकच हायड्रोजन सुटते! कार्बनचे तीन कायले सोडवले तिनं?"

एका पोराले वर्गात लाल मुंगी चावली. पोरगं बोंबललं. सरांनी त्याच्या हाती खडू दिला. "फॉर्मिक ॲसिड टोचलं तुले. काढ फळ्यावर!" त्यानं रडत रडत काढलं, डबल बाँडसकट!

मग सर विसरू लागले. डॉक्टरनं सांगितलं, हे वाढतच जाणार. सर मले म्हणाले, "शकील, रिटायर व्हाले चार महिने राह्यले. तेवढे मले वर्गात राहू दे." मी शब्द देऊन बसलो. पोरांनाही सांगावं लागलं नाही. सरांनी फळ्यावर कार्बनले पाचवा हात काढला, की पहिल्या बाकावरची पायल पाणी प्यायच्या निमित्तानं उठायची अन् जाता जाता ओढणीनं तो पुसायची!

एक दिवस प्रिन्सिपल मागच्या बाकावर येऊन बसले. सरांनी पाच हात काढले. पायल उठली.

"खाली बस," प्रिन्सिपल म्हणाले.

सर बोटानं हात मोजत राह्यले. दर वेळी पाचच. दुसऱ्या दिवसापासून सर घरी. प्रिन्सिपल चुकले असं म्हणताही येत नाही, याचाच जास्त राग येते!

परवा रविवारी सर एकटेच कॉलेजात आले. कुलूप मीच उघडलं. मागून काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, धावत आल्या. पायात चप्पल नाही. "तीन दिवस झाले रे, मले ओळखूनच नाही राह्यले," त्या मले म्हणाल्या.

"उशीर काहून झाला?" सर त्यांच्यावर खेकसले. "बस."

काकू बाकावर बसल्या. सरांनी घंटाभर ॲसेटिक ॲसिड शिकवलं. मग हजेरी घ्याले लागले.

"नाव सांग, पोरी."

काकू उठल्या. पदर नीट केला अन् लग्नाआधीचं आपलं नाव सांगितलं.

"कुमारी शोभा महादेव राऊत. हजर, सर."